फुफाट्यातले रोडगे आणि जगाची सुरुवात

अकोला,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप सूर्यभान मामांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून (डाव्याला प्लास्टर आहे म्हणून तिथं हलकेच) भाचा किशोर याचा नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार, कारण पत्र त्याच वाचून दाखवणार. पायाला खाज सुटत असेल तर प्लास्टरच्या आत विणायची सुई घालू नका. धारणीत एकानं घातली होती, ती आत राहिली. संत्र्याचा मृग बहार यंदा चांगला आहे असं ऐकतो. तुम्ही शिडीवर नाही म्हटल्यावर तोडणारे निवांत तोडत असतील.

फोन न करता पत्र का, असं मामी विचारतील. फोनवर मामा "मुद्द्याचं बोल" म्हणतात आणि मुद्दा यायच्या आत फोन ठेवतात. पत्र तसं ठेवता येत नाही. ठेवलं तरी मजकूर तिथंच असतो. जीपवाला हसनैन उद्या संत्र्याचे रिकामे क्रेट घेऊन वरूडला येतो आहे, त्याच्या हाती देतो. त्याला जेवू घाला. माणूस चांगला आहे, फक्त जेवताना बोलत नाही आणि बोलताना जेवत नाही, त्यामुळे वेळ लागतो.

आपल्या दामिनीचं जमलं की मोडलं, हे बाप म्हणून तुम्हाला पहिल्याच ओळीत हवं होतं याची मला कल्पना आहे. पण ते क्रमानंच सांगावं लागेल, कारण काल दुपारी एकाच देवळाच्या आवारात ते जमलेलंही होतं आणि मोडलेलंही होतं, आणि मधला काही वेळ तर ते नेमकं काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही पडल्यामुळे पहिल्या बैठकीला नव्हता, म्हणून अमरावतीला तुमच्या बहिणीच्या, म्हणजे गोदामावशीच्या घरी काय झालं ते तुम्हाला अर्धंच कळलं. मी उंबऱ्यात बसून पूर्ण पाहिलं. शेखर, त्याची आई दुर्गाबाई आणि वडील वामनराव असे तिघं अकोल्याहून आले. मुलगा शांत, बियाण्याच्या कंपनीत कामाला. दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं दामिनीकडे, आणि त्या दोघांपुरतं काम तिथंच आटोपलं होतं. मग मावशी चहा ओतता ओतता म्हणाली, सगळं त्याच्याच इच्छेनं होते. वामनरावांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, कोणाच्या? (जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्याला वाक्यात मोकळं सर्वनाम सहन होत नाही.) तिथून जे सुरू झालं ते चहावर साय धरली तरी थांबेना. वामनराव म्हणाले, आधी काहीच नव्हतं, जागासुद्धा नव्हती, एक ठिपका होता आणि तो पसरला. मावशीनं विचारलं, जागाच नव्हती तर ठिपका ठेवला कुठं? वामनराव म्हणाले, हा प्रश्नच चुकीचा आहे. मग मावशीनं सांगितलं की आधी सगळं पाणी होतं, त्यावर शेषावर भगवान निजले होते, त्यांच्या बेंबीतून कमळ आलं, कमळात ब्रह्मदेव बसले आणि कामाला लागले. वामनरावांनी विचारलं, पाणी कुठून आलं? मावशी म्हणाली, हा प्रश्नच चुकीचा हाये. मला वाटलं, चला, बरोबरी झाली, आता पोहे येतील. पण पोहे आले नाहीत. पाहुणे उठले.

तरीही तुम्ही मधे पडून (शिडीवरून नव्हे, फोनवरून) दुसरी भेट ठरवली, आणि मला निरीक्षक नेमलं. मी कुठं टिकत नाही म्हणजे मला वेळ असतो, हे एक कारण दिलंत. बारावी सायन्सला मी दोनदा बसलो आणि मावशीच्या भजनी मंडळाची पेटी मी वर्षभर उचलली, म्हणजे मला दोन्हीकडचं कळतं, हे दुसरं. काम एकच: वामनराव आणि मावशी समोरासमोर आले की विश्व आणि त्याची सुरुवात हे दोन विषय निघू द्यायचे नाहीत. बाकी कापूस, पाऊस, गुडघे, काहीही चालेल.

भेट रोडग्यांच्या निमित्तानं ठरली. मावशीनं महादेवाला नवस बोलला होता की पोरीचं जमलं तर रोडग्यांचं जेवण घालीन. आता जमल्यावर घालायचं जेवण तिनं जमायच्या आधीच का घातलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, आगाऊ घातलं की देवालेबी मागं फिरता येत नाही. जागा मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागून असलेलं एक देऊळ, अमरावतीवाल्यांना आणि अकोलेवाल्यांना सारखंच लांब. वामनराव यायला चटकन तयार झाले. त्यांचा आक्षेप देवावर आहे, रोडग्यांवर नाही. वांग्याच्या भाजीबद्दल तर ते स्वतःहून विचारत होते.

त्यांना आणायला मी हसनैनसकट त्याची जीप घेतली. तुम्हाला माहीत आहे, नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यातून सुटल्यावर (सुटलो म्हणजे मीच सुटलो, त्यांनी नंतर सोडलं) मी हसनैनसोबत धारणीच्या बाजूला सवाऱ्या नेतो. त्या रस्त्यावर एक वळण आहे. तिथं मागे बसलेल्यांत देव मानणारे कोण आणि न मानणारे कोण हे ओळखता येत नाही, सगळे एकाच दांड्याला धरतात. हे मी वामनरावांना सांगणार होतो, पण तोच विषय निघाला असता म्हणून तोंड दाबून बसलो. अकोला ते देऊळ मी फक्त गुडघ्यांवर बोललो. दुर्गाबाई अख्ख्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत होत्या. (त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिले शब्द त्या इतरांना वापरू देतात.)

देवळाजवळ पोचलो तर मावशीनं तयारी करून ठेवली होती. जाडसर दळलेल्या कणकेचे, तेलाचे पदर घातलेले गोळे परातीत रचलेले, गोवऱ्यांचा आर रसरसलेला. रोडगे भाजणं हे आपल्याकडे पुरुषांचं काम, आणि आमच्या बाजूचा पुरुष तो मीच. मावशीनं मला तिथं उभं केलं आणि बजावलं की रोडगे आधी आरावर शेकायचे, मग गरम राखेच्या फुफाट्यात पुरायचे, थोड्या थोड्या वेळानं फिरवायचे, आणि पहिला रोडगा महादेवाचा, तोवर कोणी तोंडात काही टाकायचं नाही. नजर हलवायची नाही असंही म्हणाली. मी हो म्हटलं. सगळे रोडगे नीट पुरले. इथवर माझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

मग वामनराव प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. नुसते बसले. दोन माणसं आरापाशी बसली आणि कोणीच बोलत नाही, हे मला जमत नाही. कापूस झाला, पाऊस झाला, गुडघे जीपमध्येच संपले होते. म्हणून मी सगळ्यांत बिनधोक विषय शोधला, समोरचाच. विचारलं, सर, हा आर असा किती वेळ टिकत असेल? मामा, यात विश्व कुठं आहे सांगा. पण वामनरावांचे डोळे चमकले. ते म्हणाले, छान प्रश्न, बघ, सूर्यसुद्धा कधीतरी विझणार आहे. मी म्हटलं, हो का? (एवढंच म्हटलं.) तिथून ते सूर्यावरून ताऱ्यांवर गेले, ताऱ्यांवरून त्या ठिपक्यावर, आणि शेवटी मोठ्यानं म्हणाले की हे सगळं कोणी पेटवलेलं नाही. देवळाच्या ओट्यावर मावशी वांगी चिरत होती. ती विळी तशीच सोडून आली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते सगळं पाठ झालं आहे आणि एकदा सुरू झालो तर कागद पुरणार नाही. वामनरावांनी परातीतला उरलेला कणकेचा गोळा घेतला, त्यावर मोहरीचे दाणे चिकटवले आणि हातानं थापत थापत मोठा केला. दाणे एकमेकांपासून लांब गेले. म्हणाले, हे दाणे म्हणजे आकाशगंगा, विश्व असं पसरतं आहे. खरं सांगतो मामा, मला ते फार आवडलं. बारावीला असं कणकेनं शिकवलं असतं तर मी दोनदा बसलो नसतो. मावशीनंही ते वाकून नीट पाहिलं. मग म्हणाली, "समदं खरं हाये मास्तर, पन थापून कोन राह्यलं?"

वामनराव म्हणाले, हे फक्त उदाहरण आहे, खरं विश्व आपलं आपण पसरतं. मावशी म्हणाली, मी पोरगी होती तवापासून कणिक मळून राह्यली, एक डाव बी आपली आपण थापल्या गेली नाही, गेली असती तर मीच पहिल्यांदा हात जोडले असते. वामनरावांनी विचारलं, मग त्या थापणाऱ्याला कोणी थापलं? मावशी म्हणाली, त्याले कोनी थापत नाही, म्हून तं त्याले देव म्हन्तात. वामनराव म्हणाले, मग माझ्या गोळ्यालाही कोणी थापत नाही, त्याला विश्व म्हणतात. आणि रागाच्या भरात त्यांच्यातला अकोला वर आला: "तुमच्या देवाले आपल्याआपण राहाची परवानगी हाये, अन् माह्या गोळ्याले काऊन नाही?"

इथं मी बोलायला नको होतं. पण दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या मोठ्या माणसांनी आपल्याकडे पाहिलं की काहीतरी म्हणावं असं मला वाटतं. मी म्हटलं, मी आजवर जिथं जिथं गेलो तिथं सगळं आधीच सुरू होतं. नांदगाव पेठला गेलो तर मशीन चालू होतं, म्हणाले बंद करू नको, परत चालू कोणाला करता येत नाही. धारणीच्या जीपमध्ये बसलो तर ती आधीच भरलेली होती. तुमच्या बागेत आलो तर झाडं उभीच होती. आणि कुठूनही निघालो तर ते माझ्यामागं चालूच राहिलं. सुरुवात आणि शेवट या दोन्ही वेळी मी कुठंच हजर नसतो. मला तर वाटतं, सगळ्यांचंच असं आहे, फक्त काही लोक हजर असल्यासारखे बोलतात.

यावर विज्ञान आणि धर्म प्रथमच एकत्र आले आणि दोघंही माझ्यावर घसरले. वामनराव म्हणाले, हा आळशी माणसाचा अज्ञेयवाद आहे. (शब्द मी लिहून घेतला आहे, कुठं वापरता आला तर बघू.) मावशी म्हणाली, बारावीत दोनदा बसला तरी अजून उभा राह्यता नाही येत त्याले. मी माझी बाजू मांडायला पाठ आराकडे आणि तोंड त्यांच्याकडे केलं, आणि चांगलं मांडत होतो. तेवढ्यात जीपमध्ये झोपलेला हसनैन डोळे चोळत आला आणि त्यानं हळूच विचारलं, "किशोरभाई, तुमच्याकडे हे असं काळंच खातात का?"

मामा, फुफाटा उकरला. रोडगे नव्हते ते, रेल्वेच्या रुळातले दगड होते. एकूण एक. त्यातच महादेवाचा.

कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. मावशी दगडांकडे पाहत नव्हती, दुर्गाबाईंकडे पाहत होती. दुर्गाबाई देवळाच्या पायरीवर बसल्या, पदर सावरला, आणि अकोला सोडल्यापासून पहिल्यांदा बोलल्या. "देवाच्या वाट्याचं जळलं. मले हे सोयरिक बरी नाही वाटत." तेवढंच. तिकडे निंबाच्या झाडाखाली दामिनी आणि शेखरला कांदे चिरायला बसवलं होतं. शेखर उठून उभा राहिला. दामिनी उठली नाही, पण तिच्या हातातला चाकू थांबला. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती नजर तुमच्याकडून आली आहे.

आणि आता जे सांगतो ते मी शपथेवर सांगतो, कोणत्या देवाच्या ते तुम्ही ठरवा. पहिल्यांदा बोलली ती मावशी. आपली गोदामावशी, जिच्या घरी दूध उतू गेलं तरी त्यात काही संकेत असतो. ती म्हणाली, "देवाचा काय संबंध याच्यात? गोवऱ्या कडक वाळल्या व्हत्या, वारं आराच्या तोंडावर व्हतं, अन् हे येडं पाठ करून उभं. विस्तवाले काय कळते नैवेद्य कोनता अन् जेवन कोनतं. जाळाचा गुण जाळनं हाये, तो जाळनारच." कार्य आणि कारण तिनं अशी जोडून दाखवली की बारावीच्या पेपरात पूर्ण मार्क पडावेत. दुर्गाबाईंची मान हलली नाही.

मग वामनराव खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता ते मावशीला दुजोरा देणार. पण बायकोला ते आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. ते पायरीपाशी गेले, चपला काढल्या (मी पाहिलं, खरंच काढल्या) आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अवं, हा महादेव हाये. अंगाले राख फासते तो. त्याले राखच आवडते. बाकीचे देव एक घास घेतात, यानं समदाच नैवेद्य घेतला. याच्याहून मोठा होकार कोनता?" शेखर त्यांचा एकुलता एक आहे.

मावशीनं वाऱ्याचं सांगितलं होतं ते खोटं होतं. देवळावरचा झेंडा उलट्या बाजूला फडकत होता आणि वामनराव सरळ त्या झेंड्याकडे पाहत होते. विज्ञानाचा माणूस, पण गप्प राहिला. आणि अख्खा नैवेद्य जळाला म्हणजे होकार, हे कोणत्याच पोथीत नाही हे मावशीला पाठ आहे. तीही गप्प राहिली. उलट मान डोलावून म्हणाली, इवाईबुवा म्हन्तात ते खरं हाये. इवाईबुवा, मामा, म्हणजे थेट व्याही. तोवर ती त्यांना मास्तर म्हणत होती.

दुर्गाबाई या दोघांकडेही पाहत नव्हत्या. त्या दामिनीकडे पाहत होत्या, कारण दामिनी आता उठून आराजवळ आली होती. तिनं ओढणीच्या टोकानं एक काळा दगड उचलला, देवळाच्या पायरीच्या कडेवर नारळासारखा आपटला आणि दोन्ही हातांनी फोडला. वरचं कोळशासारखं कवच निघालं आणि आत, मुठीएवढा, वाफाळता पांढरा रोडगा निघाला, पदर न् पदर सुटा. तिनं काही भाषण केलं नाही. आत जाऊन पिंडीपुढे तो ठेवला, बाहेर आली आणि दुसरा फोडायला घेतला. शेखरनं तिसरा घेतला, त्याचा हात भाजला, त्यानं तसं दाखवलं नाही.

दुर्गाबाईंनी पाहिलं. मग दामिनीला म्हणाल्या, "तूप आणलं का, बाई?"

जमलं, मामा. त्या एका वाक्यात जमलं. मावशी तुपाचा डबा घेऊन धावली तेव्हा तिचे एरवीचे दुखरे गुडघे काही दुखत नव्हते. जेवायला बसल्यावर वामनरावांनी वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली, मावशीनं ती स्वतः वाढली, आणि विश्व कसं झालं याची कोणाला आठवणही नव्हती. मी सगळ्यांत शेवटी बसलो आणि मला मिळालेल्या रोडग्यात कवचच जास्त होतं, पण तक्रार केली नाही. तुम्ही दिलेलं काम मी पार पाडलं असं म्हणायला हरकत नाही. मामींना हे वाचून डोळ्यांत पाणी आलं असेल तर पुसावं. दामिनी मजेत आहे, हाताला एक फोड आहे, तिची हरकत दिसत नाही.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी थोडासा जास्तच),
किशोर

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. जेवणं झाल्यावर निघताना वामनराव सहज म्हणाले की रोडगा आतून वाचला तो तेलाच्या पदरांमुळे, पदरांतून उष्णता आत जात नाही. मावशी म्हणाली, वाचवला तो महादेवानं. जीपच्या एका दारात ते आणि दुसऱ्या दारात ती, आणि जेवणाआधी कोण कोणाच्या बाजूनं बोललं होतं हे दोघंही साफ विसरले होते. लग्नाची तारीख काढायची होती, तर वामनराव म्हणाले, मुहूर्त बघणार असाल तर आधी मूळ प्रश्नाचा निकाल लावू. मावशी म्हणाली, लावाच. हसनैन हॉर्न वाजवत होता. तेव्हा मी म्हटलं की वरूडच्या आमच्या सूर्यभान मामांचा या विषयावर मोठा अभ्यास आहे, रात्र रात्र बागेत खाटेवर पडून ते आकाशाकडे पाहतात. (तुम्ही घोरत असता हे मामींचं म्हणणं मी सांगितलं नाही.) दोघांनाही हे मान्य झालं. तुम्ही जो निकाल द्याल त्यावर तारीख. येत्या रविवारी सगळे तुमच्याकडे येत आहेत.

ता. क. २. तेव्हा रविवारपर्यंत जग कसं सुरू झालं ते तेवढं ठरवून ठेवावं. तुमच्याकडे चार दिवस आहेत आणि पाय हलवायचा नसल्यामुळे दुसरं काही कामही नाही. ठिपका म्हटलं तर मावशी उठेल, कमळ म्हटलं तर वामनराव उठतील, आणि दुर्गाबाई उठल्या तर सगळंच उठलं. काहीच सुचलं नाही तर डोळे मिटून पडा, डॉक्टरांनी ताण घेऊ नका सांगितलं आहे म्हणा. दामिनीचा निरोप वेगळा आहे: बाबांना सांग, उत्तर काहीही द्या, पण तारीख निघाल्यावर द्या.

ता. क. ३. जेवण रोडग्यांचंच ठेवा असा दोन्हीकडून आग्रह आहे, बागेत आर पेटवायला जागाही आहे. फक्त किशोरला विस्तवाच्या जवळ उभं करायचं नाही, असं वामनराव आणि मावशी या दोघांनीही बजावलं आहे. जगाच्या उत्पत्तीच्या प्रश्नावर आजवर त्यांचं झालेलं एकमत ते एवढंच.